साडेअकरा किलो

"लाभ," धाकूमामा म्हणाले आणि त्यांनी पहिली पिशवी काट्याच्या हुकाला अडकवली.

पिशवी दोनदा झुलली. ती पुरती थांबेपर्यंत मामा आकड्याकडे बघत नसत. मग एक डोळा मिटून, मान तिरकी करून ते वाचत. "आठशे ग्राम. फुडची आना."

पूर्वी मोबाइलवर व्हिडिओ घेत होती. "मामा, 'एक' म्हणा ना. लाभ लाभ काय? लोकांना कळत नाही."

"पयल्या मापाला एक न्हाय बोलत, बाय. लाभच बोलत्यात. ज्याचा माल त्याला बरकत ऱ्हावी म्हनून."

"मामा, कचरा आहे हा," निहार म्हणाला, "त्याला कसली बरकत?"

आम्ही सगळे हसलो. मामाही हसले. आम्ही कशाला हसतोय हे त्यांना कळलं असेलच, पण तरी ते हसले. मग त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर आकडा लिहिला. त्यांना अक्षरं येत नव्हती, आकडे मात्र छापल्यासारखे यायचे.

ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीची, मी मीरा रोडला शिकायला होते तेव्हाची. बेव्हर्ली पार्कमधल्या चौदा मजली टॉवरांच्या मध्ये एक जुना बंगला होता आणि त्यात आम्ही नऊ जणं राहत होतो. मी सांगलीची, निहार नाशिकचा, पूर्वी सुरतेची. पण ती मालाडला आजोळी वाढलेली, त्यामुळे मराठी फर्डं बोलायची. घर पूर्वीच्या ताब्यात होतं म्हटलं तरी चालेल. आल्याआल्या तिने जाहीर केलं की हे घर शून्य कचऱ्याचं होणार. व्हरांड्यात फळा लागला, तुळईला हुकाचा काटा टांगला गेला आणि फळ्याच्या वर तिने स्वतःच्या हाताने नियम रंगवला : 'घराबाहेर जाणारी आणि परत न येणारी प्रत्येक गोष्ट मोजली जाईल.' पहिल्या दिवशी तिने तो मामांना दोनदा वाचून दाखवला, कारण घंटागाडी यायच्या आधी रोज सकाळी मोजायचं काम त्यांचं होतं.

आम्ही काय काय केलं ते आता आठवलं की माझं मलाच हसू येतं. दुधीच्या सालांची चटणी खाल्ली. नारळाच्या काथ्याने भांडी घासली. बांबूचे ब्रश मागवले, ते एकात एक अशा तीन खोक्यांतून आले आणि मामांनी ती तिन्ही खोकी मोजून फळ्यावर चढवली. पूर्वीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मग आम्ही शहाणे झालो. प्लास्टिक धुऊन, पुसून, घड्या घालून आपापल्या गादीखाली ठेवायला लागलो. घराबाहेर गेलं नाही तर तो कचरा कसा? त्या वर्षी मी दुधाच्या पिशव्यांवर झोपत होते आणि पृथ्वी वाचवत होते.

मामा मात्र हे सगळं आयुष्यभर न सांगता करत आले होते. त्यांच्याकडे एक पातेलं, एक ताट, एक तांब्या आणि जाड्या मिठाची एक बरणी होती. जूनमध्ये पूर्वीने फरशी पुसायला जुनं कापड मागितलं, तेव्हा त्यांनी आपली चौकड्याची लुंगी आणून दिली. दिली म्हणजे फाडून, किनारी दुमडून, हाताने शिवून, सात सारखे तुकडे करून दिली. पूर्वीने त्याचा फोटो टाकला. खूप लोकांना आवडला.

भाईंदरच्या खाडीलगतची मिठागरं चालू होती तेव्हा मामा तिथे मापाडी होते. मजूर मिठाच्या टोपल्या भरून आणायचे आणि मामा उभं राहून मोठ्याने मोजायचे. लाभ, दोन, तीन. तीस वर्षं त्यांनी ते केलं. माप कमी पुकारलं तर मजुराचं पोट मारलं जायचं, जास्त पुकारलं तर मालक बुडायचा. म्हणून मापाडी बोलला की दोन्हीकडची माणसं गप्प बसत. हे मला त्यांनीच सांगितलं होतं, पंपाच्या खोलीच्या पायरीवर बसून. "माज्या मापावर कवा भांडान न्हाय झाला," ते म्हणाले होते. त्यांच्या आयुष्यात अभिमानाने सांगण्यासारखं एवढंच होतं आणि ते त्यांनी मला सांगितलं, कारण एक मीच त्यांच्याजवळ जाऊन बसायची.

पंपाला लागून असलेली आठ बाय आठची खोली त्यांची. बंगला ज्या जागेवर उभा होता तिथे आधी त्यांच्या चुलत्याचं भातशेत होतं. ते विकत घेताना आमचे घरमालक योगेंद्रशेठ यांच्या वडिलांनी शब्द दिला होता की धाकू मरेपर्यंत इथेच राहील. शब्द देणारे गेले, मामांची बायको त्याच खोलीत गेली. मुलगी वसईला, तिच्या सासरी दोन खोल्यांत सात माणसं. तेव्हा ही खोली सुटली तर मामांना जायला जागा नव्हती आणि हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

पहिली ठिणगी निहारच्या वाढदिवसाला पडली. एका संस्थेकडून विद्यार्थ्यांच्या घरांना 'शून्य कचरा' म्हणून प्रमाणपत्र मिळणार होतं. अट एकच : सलग तीस दिवस फळ्यावर शून्य. पूर्वीला ते परदेशातल्या शिष्यवृत्तीच्या अर्जाला जोडायचं होतं. एकोणीस शून्यं झाली होती आणि वाढदिवसाला निहारच्या मित्रांनी पिझ्झे आणले. तेलकट खोकी गादीखाली घालता येईनात.

सकाळी पूर्वी गोड आवाजात म्हणाली, "मामा, आज झीरो लिहा हां. हे आपण नंतर बघू."

मामांनी खोकी बांधली, हुकाला लावली. "लाभ. तीन किलोला शंभर कमी."

"मामा, मी काय म्हणतेय?"

"गाडीत जातंय ना ह्ये? मंग शून्य कसा लिवू?"

"एक दिवस. फक्त आजचा."

"बाय, तू लिव. खडू तुज्या हातात देतो. माज्या हातानं खोटा माप न्हाय व्हायाचा."

पूर्वीने खडू घेतला नाही. तिलाही स्वतःच्या हाताने खोटं लिहायचं नव्हतं. मामांनी २.९ लिहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली. पूर्वी त्यांच्याशी तशीच हसून बोलत राहिली. पण व्हिडिओत मामा दिसेनासे झाले.

मागच्या अंगणात गांडूळखताचे दोन टब होते. पूर्वीने गांडुळं पुण्याहून आणवली होती. चार हजार आहेत असं ती म्हणायची. घरातला सगळा ओला कचरा त्यांच्या पोटात जायचा आणि म्हणून फळ्यावर शून्य यायचं. त्यांची आम्ही पाळ्यांनी देखभाल करायचो. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पाळी माझी होती. माझी परीक्षा चालू होती. सुकी पानं घालायचा मला कंटाळा आला आणि पानांऐवजी मी पाणी मारून मोकळी झाले. दोन दिवस झाकणही उघडंच राहिलं. टबातून वास सुटला, वर पांढऱ्या अळ्या वळवळायला लागल्या. मी झाकण लावलं आणि कुणालाच सांगितलं नाही.

रविवारी सकाळी पूर्वीने झाकण काढलं. चारच्या चार हजार गांडुळं मेली होती. काही टबाच्या कडेवरून बाहेर यायचा प्रयत्न करताना तिथेच सुकली होती.

संध्याकाळी हॉलमध्ये मीटिंग झाली. आमच्या घरात कुणी भांडायचं नाही, गोल बसून बोलायचं, असा नियम होता. घोडबंदरच्या खाडीवरून आणलेला एक गुळगुळीत दगड हातोहात फिरायचा आणि ज्याच्या हातात दगड त्यानेच बोलायचं. आधी एक मिनिट गांडुळांसाठी शांतता पाळली. मी खोटं सांगत नाही, खरंच पाळली. मामांना बोलावून घेतलं होतं, पण ते गोलात बसले नाहीत. दाराजवळ उकिडवे बसले.

"मला ना, खूप व्हायोलेटेड वाटतंय," निहार म्हणाला. "म्हणजे ते आपल्यावर डिपेंडंट होते यार."

रुचिता रडली. विपुल म्हणाला, टबावर कडेला पांढरं पांढरं काहीतरी आहे, कुणीतरी काहीतरी टाकलंय. दगड पूर्वीकडे गेला.

"मला कुणाला ब्लेम नाही करायचंय," ती म्हणाली. "पण पाळी कुणाची होती?"

आठ डोकी माझ्याकडे वळली. दगड माझ्या हातात आला. तो आधीच्या आठ हातांनी गरम झाला होता.

मला काय करायचं होतं ते एका क्षणात कळलं, हे आज लिहिताना लाज वाटते. पांढरं काय आहे ते मी दुपारीच बोटाने चाखून पाहिलं होतं. मीठ होतं. जाडं मीठ घरात एकाच माणसाकडे होतं. कसं झालं असेल तेही मला कळत होतं. मिठागरावरचा माणूस. मासळी नासायला लागली की मीठ, घाणीत किडे झाले की मीठ. त्यांच्या घरात ह्यावर दुसरं औषधच नव्हतं. अळ्या दिसल्या, म्हणून वरून मीठ भुरभुरलं. खालच्या गांडुळांपर्यंत ते झिरपेल हे त्यांच्या ध्यानात आलं नसणार. माझ्या पाण्याने ते झिरपलं.

आणि आणखी एक गोष्ट मला माहीत होती. 'मीठ टाकलंत का' असं विचारलं तर घाबरलेला म्हातारा कदाचित गप्प बसला असता. पुरावा काहीच नव्हता. पण मापाड्याला माप विचारलं तर तो गप्प बसू शकत नाही.

"मामा," मी म्हणाले, "मीठ किती टाकलंत?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दगडाकडे पाहत राहिले.

"चार मुठी," ते म्हणाले. "दोन ह्या टबात, दोन त्या टबात. मना वाटला किडं मरतील."

खोलीत सगळ्यांनी श्वास सोडला. मीही सोडला.

पुढचं फार सभ्यपणे झालं. कुणीही आवाज चढवला नाही. पूर्वी म्हणाली, मामांबद्दल आम्हाला खूप रिस्पेक्ट आहे, पण ते ह्या घराच्या विचाराबरोबर चालू शकत नाहीयेत आणि हे पहिल्यांदा होत नाहीये. पिझ्झ्याचं नाव तिने घेतलं नाही. योगेंद्रशेठना फोन लावून स्पीकरवर ठेवला. शेठ कुठल्याशा लग्नात होते, मागे बँड वाजत होता.

"मुलांनी ठरवलंय तर ठीक आहे ना," शेठ म्हणाले. "भाडं देणारी ती. धाकू, तू पण आता दमला असशील रे. मुलीकडे जा, नातवंडांत बस."

"तुमच्या बापसानी सबूद दिल्ता, शेठ."

"अरे, बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली," शेठ म्हणाले आणि बँडचा आवाज वाढला म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मग हात वर करून मत घेतलं. मामांनी महिन्याच्या शेवटी जावं असं ज्यांना वाटतं त्यांनी. निहारने हात मोजले. "आठ."

"नऊ," दाराजवळून मामा म्हणाले. "त्या बायचा ऱ्हायला. अर्ध्यावरच हाय, पन हाय."

तो माझा हात होता. मग मी तो नीट वर केला.

नवी गांडुळं आली. तोपर्यंत झालेली शून्यं मोडली नव्हती, कारण मेलेली गांडुळं मातीतच होती, घराबाहेर गेली नव्हती. उरलेले दिवस मामा रोज सकाळी काट्याखाली उभे राहायचे. हुक रिकामा असायचा. ते फळ्यावर शून्य काढायचे. "ह्ये काय माप हाय," असं एकदा पुटपुटताना मी ऐकलं. रिकामी टोपली मिठागरावर कुणी पुकारत नसे. पण हुकाला काही नव्हतं म्हणजे नव्हतं, त्यामुळे ते शून्य त्यांच्या दृष्टीने खरं होतं. आमच्या गाद्यांखाली काय आहे हे मोजायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मी त्यांच्या पायरीवर जाऊन बसायचं बंद केलं. अभ्यास खूप आहे असं मी स्वतःला सांगत होते.

शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी निरोप समारंभ झाला. भेटवस्तू द्यायची नाही असं ठरलं, कारण भेटवस्तू म्हणजे पॅकिंग. जुन्या उत्तरपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर रुचिताने फुलं काढली आणि आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या. निहारने ती मामांना वाचून दाखवली. 'तुम्ही आम्हाला साधेपणा शिकवलात.' मामांनी तो कागद चार घड्या घालून खिशात ठेवला. त्यांची खाट मात्र आम्ही ठेवून घेतली, कारण ती खोली आता वापरलेल्या वस्तूंच्या अदलाबदलीसाठी लागणार होती आणि खाट तिथे छान दिसणार होती. वसईला तशीही तिला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिसावं शून्य होतं. संस्थेची माणसं दहाला यायची होती. पूर्वी सहाला उठली होती. फळ्याला झेंडूची माळ घातली, रांगोळी काढली, तीही तांदळाच्या पिठाची, म्हणजे मुंग्या खातील. फळ्यावर तिसावं शून्य पहाटेच काढून झालं होतं. ते मामांनी काढलं होतं, कारण तेव्हा हुकाला काही नव्हतं.

नऊच्या सुमाराला मामा खोलीतून आले. चादरीचं एक गाठोडं खांद्यावर होतं. अंगात इस्त्रीचा सदरा होता. तो त्यांच्याकडे आहे हे मला माहीत नव्हतं.

"मामा," पूर्वी लगबगीने पुढे आली, "मागच्या गेटने जाल का प्लीज? इथे रांगोळी आहे."

"रांगोली न्हाय पुसत मी." ते वळसा घालून व्हरांड्यात आले आणि काट्याखाली थांबले. त्यांनी वर, रंगवलेल्या नियमाकडे बोट केलं. "बाय, तू मना वाचून दाकवला व्हता. जो भाहेर जाईल आनि परत येनार न्हाय, तो मोजायचा. तसाच हाय ना?"

"हो, पण ते कचऱ्याचं..."

"कचऱ्याचा नाव न्हाय त्याच्यात. तू दोनदा वाचला व्हता." त्यांनी गाठोडं खाली उतरवलं. "ह्ये परत येनार हाय का?"

आम्ही नऊही जण तिथे होतो आणि नऊपैकी एकाने 'हो' म्हटलं असतं तरी पुष्कळ होतं.

"मंग मोजाय लागंल."

त्यांनी चादरीची गाठ हुकात अडकवली. आतलं पातेलं आणि ताट एकमेकांवर वाजलं. गाठोडं फिरायला लागलं, आधी एका बाजूला, मग उलट. मामा वाट बघत उभे राहिले. ते पुरतं थांबलं, तेव्हा त्यांनी एक डोळा मिटला.

"लाभ," ते म्हणाले. "साडेअकरा."

मग त्यांनी तळहाताने शून्य पुसलं आणि तिथे ११.५ लिहिलं. आकडा नेहमीसारखाच रेखीव आला. हाताला लागलेला खडू त्यांनी सदऱ्याला पुसला नाही, वाकून पायजम्याला पुसला. गाठोडं खांद्यावर घेतलं आणि निघताना माझ्यासमोर थांबले.

"टबात पानी कमी मारत जा, बाय," ते हळूच म्हणाले. "झाकन लावत जा. नवीन किडं हायत, बिचारं."

म्हणजे त्यांना माहीत होतं. त्या रविवारी, माझ्या हातात दगड होता तेव्हाही माहीत होतं. त्यांनी फक्त 'पाणी कुणी घातलं' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं, पण ते म्हणाले नव्हते, कारण त्यांना कुणी तेवढं विचारलं नव्हतं. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. मी "हो मामा" म्हणाले. ते रांगोळीच्या कडेने गेटबाहेर पडले आणि टॉवरच्या सावलीतून स्टेशनच्या बाजूला चालायला लागले. शेअर रिक्षाला हात केलेला मला दिसला नाही.

"मिनल," पूर्वी म्हणाली, "आजपासून फळ्याची पाळी लावलीय ना आपण. पहिलं नाव तुझं आहे."

घड्याळात सव्वानऊ झाले होते. तिने खिळ्यावरचा फडका काढून माझ्या हातात दिला. चौकड्याचा होता. किनार बारीक टाक्यांनी शिवलेली होती आणि इतक्या महिन्यांत तिचा एक टाकाही उसवला नव्हता.

मी फडका ओला केला आणि ११.५ पुसलं. फळा वाळेपर्यंत थांबले, नाहीतर खडू उठत नाही. मग शून्य काढलं. छान गोल आलं. दहाला संस्थेची माणसं आली, त्यांनी आधी त्याचाच फोटो घेतला.